पाच जणांचा एकच ई-मेल

चार माणसांत पंधरा मिनिटं बसले की माझ्या तोंडून डायबेटिसवाल्यांचा एक तरी किस्सा सुटतोच. लोक म्हणतात, बाई, हे सगळं लिहून का नाही ठेवलंत? अहो, लिहिलेलंच होतं सगळं! कुणी काय लिहिलंय तेवढंच कळत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

नव्वदचं दशक संपत आलेलं. मी ठाण्यात एका शाळेत इतिहास शिकवायचे आणि दर महिन्याला वर्तकनगरच्या एका लॅबमध्ये रक्त द्यायला जायचे. आधी उपाशीपोटी द्यायचं, मग डबा खायचा आणि दोन तासांनी परत द्यायचं. ते दोन तास बाकावर बसून काढायचे. त्या बाकावर आम्ही पाच जण एकमेकांना चिकटलो ते चिकटलोच.

डोंबिवलीचे सबनीसकाका रिटायर्ड होते, खिशात कायम पेन्सिल. बाळकुमचे हरेश्वरदादा खाडीत मासेमारी करायचे. प्रधानवहिनी लॅबजवळच्याच कॉलनीतल्या, आणि त्यांच्याच बिल्डिंगमधली सुजाता एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची, चोवीस वर्षांची. पाचवी मी, मोघेबाई. वहिनींना गोळ्या चालू होत्या, बाकी आम्ही चौघं इंजेक्शनवाले.

एकदा सुजाता म्हणाली, "महिन्यातून एकदा भेटून काय होतंय? आपण इंटरनेटवर ग्रुप काढू या ना. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा लिहायचं."

तिने एक ई-मेल आयडी काढला आणि नमुना म्हणून पासवर्डसकट सगळ्यांना दिला. तसाच स्वतःचा एकेक काढायचा, असं तिच्या मनात होतं. आम्हाला वाटलं, हाच आपला. मग काय, पाचही जण आपापल्या सायबर कॅफेत जाऊन एकाच पेटीत शिरायचो आणि त्याच पेटीला पत्र टाकायचो. उठताना ती पेटी बंद करायची असते, हे निम्म्यांना माहीतच नव्हतं. तिच्या लक्षात येईपर्यंत शंभरेक पत्रं साचली होती. ती बदलू या म्हणाली तर सबनीसकाकांनी साफ नकार दिला. "आता बसलेली घडी मोडू नका," म्हणाले.

*

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, त्यामुळे अक्षरावरून माणूस ओळखायची सोय नाही. खाली नाव घालायला निम्मे लोक विसरायचे.

एकदा कुणीतरी लिहिलं की सकाळी कारल्याचा रस घेतल्यापासून माझी साखर पंचवीसने उतरली. सबनीसकाका खवळले. त्यांनी तीन पानी उत्तर लिहिलं. असले अर्धवट सल्ले देणाऱ्याची त्यांनी अगदी सालटी काढली, वर 'या गृहस्थांचा शास्त्राशी काडीचा संबंध नाही' असंही लिहिलं.

पुढच्या भेटीत आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत बसलेलो. तेवढ्यात काकांनी खिशातली डायरी काढली, दोन पानं उलटली आणि हळूच मिटली. रसाचं पत्र त्यांचंच होतं, तीन आठवड्यांपूर्वीचं.

"पण उत्तर मुद्देसूद होतं," ते म्हणाले.

*

आणि मग एका मंगळवारी ते पत्र आलं. दोनच ओळी.

'आठ दिवस झाले, इंजेक्शन घेतलं नाही. कंटाळा आला. घरी कुणाला माहीत नाही.'

खाली नाव नाही.

मी कॅफेतल्या त्या खुर्चीत बसून ते चार वेळा वाचलं. इन्सुलिन सोडलं की काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. आधी काही वाटत नाही, मग एक दिवस पाय काळा पडतो नाहीतर डोळा जातो. आणि हे आमच्यातलंच कुणीतरी घरी हसत बसलं होतं. मला रडूही आलं आणि भयंकर रागही आला. सांगता येत नव्हतं का तोंडाने?

त्या दिवशी ठरवलं, याला शोधून काढायचंच. इतिहासाची बाई मी, पुरावे जमवून निष्कर्ष काढायची सवय.

*

पहिला संशय हरेश्वरदादांवर. त्यांच्या पायाला कालवाचं शिंपलं लागून जखम झालेली आणि ती भरत नव्हती. मी बाळकुमला गेले. काय सांगणार, तर म्हटलं मासळी घ्यायला आले. मी जन्मात मासळीला हात लावलेला नाही आणि हे दादांना पक्कं माहीत होतं.

त्यांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हळूच विचारलं, "बाई, तुमीच ना?"

"अहो, मी तुम्हाला विचारायला आले!"

"मना?" ते हसायला लागले. "मना कुटं टाइप करता येतंय? माजी पोरगी लिवते सगलं. मी लिवलं असतं त घरात आदी तिलाच कललं असतं."

हे मला घरून निघतानाच सुचायला हवं होतं. दादांनी निघताना बळेबळे कोळंबीची पिशवी हातात दिली. घरी आल्यावर आमच्या ह्यांना ती कशी आली हे समजावण्यात माझी संध्याकाळ गेली.

*

इकडे सबनीसकाकांनी स्वतंत्र तपास चालू केलेला. एका सकाळी डोंबिवलीहून थेट आमच्या घरी हजर. चहा बिनसाखरेचा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि मग हात धुतो म्हणून उठले ते स्वयंपाकघरात शिरले.

आमच्या ह्यांनी मला पॅसेजमध्ये खेचून विचारलं, "हे गृहस्थ आपला फ्रीज का उघडतायत?"

काका माझी इन्सुलिनची बाटली उजेडाकडे धरून पेन्सिलीने मोजत होते. "मॅडम, तुमच्या डोसाप्रमाणे ही पाव उरायला हवी. अर्धी आहे."

"जुनी फुटली. ही नवी काढली."

"हं," काका म्हणाले. असला हं मी वर्गात मुलांना करायचे.

मीही चिडून विचारलं, "आणि तुमचं काय? तुम्ही घेता का रोज?" तर त्यांचा चेहरा एवढासा झाला. म्हणाले, "मला सुईची भीती वाटते हो. रोज आमची हीच टोचते." म्हणजे काकूंना चुकवून आठ दिवस सोडणं काकांना शक्यच नव्हतं. तेही सुटले.

*

उरली सुजाता. मला तर आता खात्रीच झाली. तरुण पोर, घरात लग्नाचं बोलणं चाललेलं, कंटाळणारच. मधल्या सुट्टीत रिक्षा करून तिच्या ऑफिसात गेले आणि कॅन्टीनमध्ये तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "अगं, मला सगळं कळलंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, मला सात वर्षांची असल्यापासून आहे हे. आमचा प्रकार वेगळा. मी आठ दिवस सोडलं असतं ना, तर तुम्ही मला भेटायला ऑफिसात नसता आलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं इंजेक्शन घेऊन मला एवढंही माहीत नव्हतं.

मग तीच माझा हात न सोडता म्हणाली, "पण वाचल्यावर मला वाटलं, हे मीच लिहिलंय की काय. कंटाळा मलाही येतो. रोज येतो. मी फक्त लिहीत नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. माझ्याही. परत शाळेत पोचले तेव्हा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती आणि मी दुसऱ्याच वर्गात जाऊन शिकवायला लागले.

*

आता बघा माझी अक्कल. दादा सुटले, काका सुटले, सुजाता सुटली. वहिनी गोळ्यांवर. एकेकाला निर्दोष ठरवत मी शेवटी कोणाला अडकवलं? मलाच!

माझ्या हे लक्षात यायच्या आधी त्यांच्या आलं. सगळे अचानक माझ्याशी फार गोड वागायला लागले. दादांची मुलगी शाळेच्या गेटवर येऊन "बाई, बऱ्या आहात ना" विचारून गेली. काकूंनी फोन करून सांगितलं की टोचायला माणूस हवं असेल तर मी येईन. पेटीत रोज पत्रं यायला लागली: 'आज घेतलं का?' 'आजचा दिवस घ्या, उद्याचं उद्या बघू.' सगळी माझ्यासाठीच. मी चिडून लिहायचे की मी ती नव्हे, आणि नेमकी नाव घालायला विसरायचे.

खोटं कशाला बोलू, मध्यंतरी माझेही दोन दिवस चुकले होते. पण दोनच. आठ नाहीत. हे कुणाला सांगणार?

त्यातच एक दिवस पत्र आलं, 'आज घेतलं.' दुसऱ्या दिवशी, 'आज नाही.' मी फोनवर ओरडून सांगितलं की हे मी लिहिलेलं नाही. सबनीसकाका म्हणाले, "असू दे, असू दे."

*

शेवटी प्रधानवहिनी उठल्या. त्यांनी सुजाताकडून एक पत्र लिहून घेतलं: 'रविवारी सकाळी आठ वाजता सगळ्यांनी माझ्या घरी यायचं.' खाली बिल्डिंगचं नाव, मजला, सगळं. 'कुणी काही विचारणार नाही. नाव सांगायचं नाही. आपापलं इंजेक्शन थर्मासात घालून आणायचं, सगळ्यांनी बरोबर घ्यायचं आणि बरोबर नाश्ता करायचा.'

रविवारी आम्ही पाचही जण टेबलाभोवती बसलो. मुगाची धिरडी झाकून ठेवलेली. चौघं माझ्याकडे बघत होते आणि न बघितल्यासारखं करत होते. मी सिरिंज भरली आणि त्यांच्यासमोर टोचून घेतली. दादांनी मान हलवली. सबनीसकाकांनी डोळे पुसले. इतका अपमान आणि इतकी माया मला एकाच वेळी कधी मिळाली नव्हती.

मग त्यांनीही घेतली. काका काकूंना घेऊनच आले होते. वहिनींनी आपली गोळी घेतली आणि झाकण काढलं.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात पस्तिशीची एक बाई उभी. आमच्यातल्या कुणीच तिला कधी पाहिलेलं नव्हतं. घामाघूम झालेली, हातात थर्मास घट्ट धरलेला.

"रिक्षाच मिळेना," ती म्हणाली. "सगळ्यांचं घेऊन झालं का?"

सुजाताने माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "पण पासवर्ड तुम्हाला..."

"सुजाता, आधी एक ताट घे," वहिनी म्हणाल्या, आणि त्या बाईला म्हणाल्या, "नाही गं. तुझंच राहिलंय. ये."

तिने चपला काढल्या, थर्मास टेबलावर माझ्या शेजारी ठेवला आणि विचारलं, "हात कुठे धुऊ?"