रफ्लाची जीभ आणि लमजदचं मौन

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात गाडी शिकायची तर बाया रफ्ला गरगूरीकडे जात आणि पुरुष तिला टाळत. एक तर ती बाई, त्यात चाळिशीची, त्यात घटस्फोटित, आणि जीभ अशी की भर चौकात माणूस सोलून ठेवेल. "अहो, क्लच आहे तो, सासू नाही! हळूच सोडायचा!" हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ होतं.

नवऱ्याने सहा वर्षं गोडगोड थापा मारल्या, तेव्हापासून गोड बोलणाऱ्याचा तिला पित्तासारखा त्रास व्हायचा. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायापाशीही एक ब्रेक असतो. जगात तिचा विश्वास होता तो त्या ब्रेकवर.

अशा बाईकडे लमजद आला. चष्म्याचं दुकान, वय पंचेचाळीस, चेहरा बंद शटरसारखा. त्याची ठरलेली नवरी लग्नाच्या आदल्या आठवड्यात चुलतभावाबरोबर फ्रान्सला पळाली होती. आमंत्रणं वाटून झाली होती, मेंढेसुद्धा आणून बांधले होते. त्यानंतर लोकांनी काहीही विचारलं की तो म्हणायचा, "बघू."

"डावीकडे वळा, लमजदसाहेब."

"बघू."

"बघू काय? समोरून ट्रक येतोय!"

पण गडी हुशार निघाला. पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाला. रफ्लाने पेढे खाल्ल्यासारखं तोंड करायला हवं होतं, तिने कारलं खाल्ल्यासारखं केलं. पुढच्या सोमवारी हा पुन्हा हजर.

"आता काय राहिलं?"

"रिव्हर्स जमत नाही."

"त्यात तर परीक्षकाने तुमची पाठ थोपटली."

"विसरलो."

तिने एकवार त्याच्याकडे पाहिलं आणि दार उघडून दिलं. मग उन्हाळाभर दोघं बंदराकडच्या रस्त्यावर गाडी मागे मागे नेत राहिले. पुढे न्यायची हिंमत दोघांतही नव्हती. बोलणं म्हणावं तर आरशाबद्दल, टायरबद्दल, फार तर बाजारातल्या ऑक्टोपसच्या भावाबद्दल. सगळ्या गावाला कळलं होतं. त्या दोघांना विचाराल तर, छे, कुठे काय!

एक दिवस बंदरावरच्या कॅफेत बशीर भेटला. हाही गाडी शिकवणारा, तिचा धंद्यातला वैरी. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय रफ्ला, तुझा पास झालेला विद्यार्थी अजून शिकतोच आहे? की दुसरंच काही शिकवतेस?"

लोक फिदीफिदी हसले. रफ्लाच्या मस्तकात तिडीक गेली. हसणारे ऐकताहेत म्हटल्यावर तिची जीभ सुटली. "त्याला? गिअर कळतो हो, पण इशारा कळत नाही. उगाच का ती पोरगी फ्रान्सला पळाली?"

लमजद दोन लिंबू सरबतं घेऊन मागेच उभा होता. त्याने दोन्ही ग्लास अलगद टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला.

त्यानंतर सोमवार आले नि गेले, लमजद आला नाही. रमजान सुरू झाला. घरी रफ्लाची आई झोहरा सूप ढवळता ढवळता म्हणाली, "गाडीला दोन ब्रेक बसवलेस गं, तोंडाला एक बसवायचा राहिला."

"आई, रोजा आहे. भांडू नको."

"भांडत नाहीये. सुनावतेय. त्याने रोजा मोडत नाही."

ईदच्या सकाळी रफ्लाने कांदा-मनुकांची ईदची चटणी, शरमूला, आणि खारवलेला मासा डब्यात भरला. ईदला कुणाच्याही दारात गेलं तरी का आलात, असं कुणी विचारत नाही. लमजदने दार उघडलं, अंगात पायजमा, अर्ध्या गालाला साबणाचा फेस.

"माफी मागायला आलेय. एकदाच मागणार आहे, नीट ऐका. मी त्या दिवशी फार घाण बोलले."

"हो. बोललात."

"एवढंच?"

फेस गळून पायजम्यावर पडला. "इशारा कळतो मला. कळला की भीती वाटते. म्हणून न कळल्याचं सोंग करतो."

"इशारा? मी कधी दिला?"

"पास झालेल्या माणसाला अख्खा उन्हाळा रिव्हर्स शिकवलात, बाईसाहेब. चॅरिटी होती का?"

रफ्लाने डबा त्याच्या हातात कोंबला. "खारट झालंय. मासा मीच केलाय. आणि घाबरायचं तर तुम्हीच घाबरता, असं समजू नका."

"आत या. दारात उभ्याने घाबरलं की शेजारी बघतात."

ऑलिव्ह उतरवायच्या दिवसांत त्यांनी नगरपालिकेत जाऊन लग्न केलं. ना मिरवणूक, ना मेंढे. मात्र दोघांनी आपापलं घर सोडलं नाही. 'काही सांगता येत नाही,' असं दोघंही वेगवेगळं म्हणाले, आणि नातेवाइकांनी कपाळाला हात लावले.

हिवाळ्यात त्यांचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं, तेही टॉवेल कुठे वाळत घालायचा यावरून. रफ्ला ताडताड आपल्या घरी निघून गेली. संध्याकाळी दारावर थाप पडली. काखेत उशी घेऊन लमजद उभा.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

"माझाही नाही. पण तिथे एकट्याने रागावता येईना."

रफ्लाने दारातून बाजूला होऊन त्याला आत घेतलं आणि ती म्हणाली, "उशी ठेव त्या खोलीत. आणि टॉवेलाबद्दल एक अक्षर बोललास तर बघ!"