ओळंब्यातला दगड

गावाबाहेरच्या माळावर कुण्या फार जुन्या माणसांनी आपली माणसं पुरून भोवती उंच दगड उभे केले होते. हजारो वर्षं वारा खाऊन सगळे कलले होते, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारखे. त्यातला एक वादळात आडवा झाला आणि तो पुन्हा उभा करायचं काम मिस्त्रींकडे आलं.

मिस्त्री म्हणजे गावातले सगळ्यात जुने गवंडी. लोक त्यांना मागून 'ओळंबा' म्हणत, भिंत सरळ उभी आहे का ते बघायच्या वजन बांधलेल्या दोरीवरून. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. त्यांच्या भिंतीत खोट काढायची कुणाची छाती नव्हती. आता हात थरथरायचे, मुलगा पुरे करा म्हणायचा. मिस्त्रींनी सांगून टाकलं, हे शेवटचं काम, पण असं करीन की लोकांनी बोट दाखवावं.

लोकांनी दाखवलंच. मिस्त्रींनी दगड उभा केला तो अगदी ओळंब्यात. त्या कललेल्या गोतावळ्यात तो एकटाच शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा ताठ दिसायचा. पुराणवस्तू खात्याच्या बाईंना हसू आवरेना. पडण्याआधीच्या फोटोत तो मधल्या थडग्याकडे झुकलेला होता, आणि तो फोटो त्यांनी मिस्त्रींना आधीच दाखवला होता. बिचाऱ्या मिस्त्रींना वाटलं होतं, तो वाकडेपणा काढायलाच आपल्याला बोलावलंय. बाई म्हणाल्या, खड्डा पक्का बुजायच्या आत कलवा काका, जमत नसेल तर दुसरा माणूस बघते. ते 'दुसरा माणूस' मिस्त्रींच्या फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चेनपुली लागली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, पण मिस्त्रींचं सगळं उलटं. दगड जरा कलला की त्यांचे हात आपोआप साखळी ओढून त्याला सरळ करत. ओळंबा पिशवीत टाकून झाला, एक डोळा मिटून झाला, देवाचं नाव घेऊन झालं. दुपारपर्यंत मिस्त्री घामाघूम होऊन मातीत बसले. जन्मभराची अब्रू एका दगडापायी जाणार म्हणून म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको, डबा घेऊन आल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी मिस्त्रींच्या हाताखाली घमेली वाहिलेली. एकदा बांधकामाच्या परांचीवरून पडल्या आणि कमरेत कायमचा बाक आला. मिस्त्री येताजाता त्यांना "नीट उभी राहा गं" म्हणून टोकत. त्यात राग नव्हता. ती परांची मिस्त्रींनीच बांधली होती, आणि तो बाक त्यांना बघवत नसे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं, डबा खाली ठेवला आणि थडग्याकडे तोंड करून दगडाशेजारी उभ्या राहिल्या.

"भिंती विसरा जरा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघा. इतकी वर्षं वाकडी उभी आहे, पडले का कुठं?"

मिस्त्री बघत राहिले. न टोकता इतका वेळ बायकोकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मग ते उठले आणि साखळी हळूहळू सैल सोडू लागले. दगड कलू लागला. झालं असेल असं वाटून काकू सवयीने सावरून सरळ व्हायला गेल्या.

"हलू नकोस," मिस्त्री म्हणाले. "अशीच छान दिसतेस."

दगड काकूंइतकाच झुकला तेव्हा त्यांनी पुली थांबवली आणि बुडाशी आधाराला दगडाच्या चिपा ठोकायला घेतल्या.