बॉनेटवरचा गंज

बायको गेली त्या वर्षी मी नांदेडचं घर आवरून लातूरला मुलाकडं राहायला आलो. सामान टेम्पोत आणि मी माझ्या गाडीत. नोकरीच्या शेवटच्या काळात घेतलेली पांढरी गाडी, मी स्वतः चालवत आणली. मुलगा इथं खाजगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मग एका दुपारी गाडी आत घेताना माझ्याकडून फाटकाचा खांब घासला. गाडीला किरकोळ खरचटलं. मुलानं चावी मागून घेतली आणि खिशात घातली. सून म्हणाली, "मामा, उद्या कुणाचं लेकरू खाली आलं म्हंजे?"

 लेकरू आलं नव्हतं, खांब आला होता.

गाडी फाटकाजवळ ऊन खात उभी राहिली. बॉनेटवर खडी लागून जिथं टवके उडाले होते, तिथं तांबूस ठिपके आले. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराची खालची कड फुगली. मी रोज सकाळी बघायचो आणि आत जायचो.

एका रविवारी मुलगा चहा घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. असा तो कधी बसत नाही.

"बाबा, हा गंज तुम्ही घरीच काढाल का? नांदेडला करायचात ना."

"करीन की. पण कशाला? उभीच तर हाय."

"नीट झाली की तुम्हीच चालवा. सकाळी रस्ता मोकळा असतो. देवणीला आत्याकडं जाऊन या."

"आणि चावी?"

"देतो की. आधी काम तर होऊ द्या."

मला इतका आनंद झाला की आज त्याची लाज वाटते.

गोलाईच्या बाजारातल्या दुकानातून मी पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, रंगाची छोटी बाटली आणि थिनरचा डबा आणला. डागाच्या भोवती चिकटपट्टी लावायची आणि चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं. गंज कणभर जरी आत राहिला तरी तो वरचा रंग फोडून बाहेर येतो. मग थिनरनं पुसायचं, प्रायमर द्यायचा, वाळू द्यायचा. रंगाचा हात पातळ द्यायचा, तो वाळला की दुसरा. माझा हात थरथरतो, म्हणून डावा हात बॉनेटवर टेकवून त्यावर उजवा ठेवायचो. घासून घासून बोटांची सालं निघाली. मला शुगर आहे, जखम लवकर भरत नाही. सुनेनं ते पाहिलं.

"मामा, बोट पिकलं तर दवाखान्यात कोण नेणार? ह्यांना क्लास असतेत," म्हणाली आणि आत गेली. चिंधी मीच बांधली.

दाराच्या कडेचा पत्रा मात्र आतून सडला होता. तिथं पुट्टी भरून वर रंग दिला. दिसायला झकास झालं, पण ते खरं काम नव्हतं. मी मुलाला तसं सांगितलं, "हे दार वेल्डिंगवाल्याला दाखवावं लागंल."

त्यानं वाकून बघितलं. "बाहेरून कळत न्हाई ना? मग झालं."

रंग पक्का वाळला त्या सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसलो. मुलगा बाहेर आला. पाठोपाठ मोटारसायकलवरून जळकोटचा एक माणूस आला आणि गाडीभोवती फिरायला लागला. मुलगा त्याला सांगत होता, "एकदम ओरिजिनल. कुठंच हात लावलेला न्हाई. बाबांची गाडी, पण आता त्यांच्यानं चालवणं होत न्हाई. डोकंबी ठिकाणावर राहत न्हाई त्यांचं."

मी चार हात अंतरावर बसलो होतो. माझ्या बोटांना अजून थिनरचा वास होता.

त्या माणसानं सहज माझ्याकडं वळून विचारलं, "काय काका, बरोबर हाय का?"

"डोकं ठिकाणावर न्हाई ते बरोबर हाय," मी म्हणालो. "पण गाडीला हात लावलाय. या, दाखवतो."

पेचकस ओट्यावरच होता. मी दाराच्या कडेला तो टेकवला आणि दाबला. पुट्टीचा खवला पडला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेला. त्या माणसानं मुलाकडं पाहिलं. "सर, लेकराबाळांच्या माणसाला हे देऊन राहिलेत का तुम्ही?" एवढंच म्हणाला आणि किक मारली.

मुलगा ओरडला नाही. त्यानं थिनरचा डबा उचलला, झाकण काढलं आणि बॉनेटवर ओतत गेला. मी जिथं जिथं रंग दिला होता तिथं तिथं. रंग सुरकुतला, मग दुधाच्या सायीसारखा गोळा होऊन खाली घसरला. वर्गात समजावून सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, "तुमचाच हात लागलाय ना? आता बसा बघत."

मी बसलो बघत. पावसाळाभर उघडा पत्रा गंजत गेला.

दसऱ्याच्या आधी त्याला बिलोलीचं दुसरं गिऱ्हाईक मिळालं. मला विचारणं त्याला जड गेलं असावं. तो स्वतःच ब्रश घेऊन बसला. आभाळ भरलेलं, हवेत ओल. त्यानं गंज वरवर खरवडला, प्रायमर न देताच रंग फासला. मी समोर चहा पीत होतो. शेवटी त्यानं मान वर केली.

"बाबा, बरं दिसतंय का?"

"झकास," मी म्हणालो.

गिऱ्हाईक आलं तोवर रंगाला फोड आले होते आणि फोडांतून तांबडं पाणी गळत होतं. ते स्वतःच्या गाडीतून खाली उतरलंसुद्धा नाही. पुढं नांदेडच्या भंगारवाल्यानं गाडी ओढत नेली. त्या दिवशी जेवताना मुलानं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"हाव."

"मग बोलला का न्हाईत?"

"तू फक्त दिसतंय कसं ते विचारलंस."

तो अर्ध्या जेवणातून उठला. सुनेनं माझ्यासमोरची भाजीची वाटी उचलून नेली.

तेव्हापासून ती माझं ताट खोलीच्या दाराशी झाकून ठेवते. मी जेवतो, ताट धुतो आणि परत बाहेर ठेवतो.