चाळीस रोट्या

कारंज्याच्या हायवेवर माझ्या धर्मेंद्र मामाचा ढाबा आहे. आई सांगते, पहिले हा गिऱ्हाइकाची मस्करी केल्याबिगर वाढत नसे. मी पाह्यलेला मामा मात्र मुका. कोणी तीस रोट्या बांधून मागितल्या तरी गुपचूप देते, कोणासाठी म्हणून विचारत नाई.

यंदा लॉ कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय होता, क्रांती करून आलेलं सरकार पाडाले दुसऱ्या देशानं फौज धाडावी का. माझ्या वाट्याले 'धाडावी' आलं. मामा आठ वर्षं अशाच एका देशात घुसलेल्या परक्या फौजेच्या छावणीत स्वयंपाकी होता. देशाचं नाव तो घेत नाई, 'तिकडं' म्हणते. म्हटलं, घरचाच साक्षीदार आहे, टाळ्या आपल्याच.

मी त्याले भाषण म्हणून दाखवलं. दुसऱ्याच्या देशात घुसू नका असं संयुक्त राष्ट्रसंघाची सनद म्हणते, पण हाकललेल्या राजानंच बोलावलं तर चालते, वगैरे.

मामा कणीक मळत होता. मळता मळताच बोलाले लागला. छावणीत भांडे घासाले यूनुस नावाचा म्हातारा येत होता. एका दिवशी त्यानं उरलेल्या चाळीस रोट्या मागितल्या. मामाची सवय ती. छावणीच्या साहेबालेही हसू यावं म्हणून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, चाचानं घरात बारात लपवली वाटते. आपल्या इकडं माणूस हसून सोडून देते. साहेब हसला नाई. त्याले वाटलं, नव्या सरकारचे बंदूकवाले लपले. दुसऱ्या दिवशी यूनुसच्या घरावर गोळे पडले. घरात पाहुणे होते, त्याच्या बायकोच्या मयतीले आलेले. यूनुसही गेला.

तरी माझं शहाणपण सुटते का! म्हटलं, मामा, तुमचा हेतू नव्हता, कायद्यानं गुन्हा लागत नाई.

"कायदा तुह्यापाशी राहू दे," मामा म्हणाला. "त्यायचं घर, त्यायचं राज्य. कोणाले बसवाचं ते त्यायनं पाह्यलं असतं. मी काऊन गेलतो तिकडं? अन् त्याच्यानंतरही दोन वर्षं मी त्याच साहेबाले वाढत राह्यलो."

मी बाजू बदलून मागितली, सरांनी दिली नाई. माघार घेता आली असती, तीही घेतली नाई. तेच भाषण ठोकलं अन् पहिली आली. लाज वाटते सांगाले, पण ढाल घेऊन ढाब्यावरही गेली.

मामानं हात पुसून ढाल पाह्यली, परत दिली.

"चाचाचं नाव घेतलं का?"

"नाई," मी म्हटलं. "घेतलं असतं तर हरली असती."