वनिताताई आणि मी घेतलेली हरकत

वनिताताई आज सकाळी गेल्या. आणि सकाळपासून मला एकच आठवतंय, मी भर कोर्टात त्यांचं तोंड बंद केलं होतं.

जे ओळखत नसतील त्यांच्यासाठी सांगतो.

ताई मूळच्या अर्जुनी मोरगावच्या. राहायला फुलचूरला. गोंदियाच्या कोर्टाच्या आवारात वीस वर्षं टायपिंग केलं. आम्हा वकिलांचे ड्राफ्ट टाइप करता करता आमच्या चुका दुरुस्त करायच्या. न सांगता.

मुलगी कॉलेजला गेली, तेव्हा ताईंनी लॉला ॲडमिशन घेतली. एलएलबी झाल्या. सनद मिळाली. वय सत्तेचाळीस.

पण नुसत्या सनदेवर भागत नाही. त्यानंतर दोन वर्षांत वकिलांची पात्रता परीक्षा पास व्हावी लागते. नाही झाली, तर पास होईपर्यंत कोर्टात बाजू मांडता येत नाही.

ताईंचा एकदा आईच्या आजारपणात पेपर हुकला. दोनदा थोडक्यात गेला. दोन वर्षं संपली.

ताई ज्यांच्या हाताखाली काम करायच्या, त्या सीनियर वकिलांच्या फाइली धरून परत मागच्या बाकावर.

त्याच वर्षी कौसाबाईची केस आली. आमगावकडची म्हातारी. शेजाऱ्यानं तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी नेणारा पाट बुजवला होता. धान ऐन भरात.

बाईचे वकील, ताईंचे सीनियर. शेजाऱ्याचा वकील, मी.

सुनावणीच्या दिवशी सीनियर दुसऱ्या कोर्टात अडकले. पुकारा झाला. ताई उठल्या.

त्या काही बोलायच्या आत मी उभा राहिलो.

"सर, माझी हरकत आहे. मॅडम परीक्षा पास नाहीत. त्यांना अपिअर होता येत नाही."

कायद्यानं मी बरोबर होतो. पण मला कायद्याचं काही पडलेलं नव्हतं. मला पुढची तारीख हवी होती. तोवर धान वाळलं असतं आणि केसमध्ये काही उरलंच नसतं.

सगळं कोर्ट त्यांच्याकडे पाहत होतं. ज्यांचे कागद त्यांनी वीस वर्षं टाइप केले, ते सगळे.

ताई शांतपणे म्हणाल्या, "वकीलसाहेब बरोबर बोलून राहिले, सर. मी बोलू शकत नाही. पण बाई हजर आहे. ती स्वतः बोलू शकते."

जज म्हणाले, "बोलू द्या."

कौसाबाई पुढे आली.

"साहेब, माह्या सासऱ्याच्या टायमापासून पाट हाये. यानं माती टाकून बुजवला. पाणी नाही भेटलं त आठ दिवसात धान वाळून जाईन. मंग तुमची तारीख घेऊन मी का करू?"

पाट मोकळा करायचा आदेश त्याच दिवशी झाला.

मी हरलो त्याचं काही नाही. ताईंची नजर चुकवत टपरीवर चहा घेत होतो. त्याच आल्या.

"भाऊ, हरकत बरोबर होती तुमची. चेहरा काऊन पाडला?"

मी सॉरीसुद्धा म्हणालो नाही.

"आता एक करा. पुराव्याचा कायदा मले समजत नाही. लंचमध्ये शिकवत जा."

शिकवलं. डबा खाता खाता. सकाळी घरचं, दिवसभर टायपिंग आणि सीनियरचं काम, मधल्या अर्ध्या तासात हे. पुस्तक उघडं असायचं आणि ताईंचे डोळे मिटलेले.

"आता नाही होत, भाऊ," एकदा म्हणाल्या. त्यांच्या जागी मी असतो, तर मीही सोडून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी बरोबर दीडला हजर.

निकाल लागला तेव्हा फोन आला.

"भाऊ, झाली."

एवढंच बोलल्या.

त्यानंतर चार महिने ताई कोर्टात उभ्या राहिल्या. जामीन, भाडेकरूंची भांडणं, एक वारसाहक्काचा दावा. फक्त चार महिने. मग किडनीचं निघालं. डायलिसिस, नागपूरला नेणं-आणणं, परत तेच.

आज दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. ग्रुपवर टाकायला मेसेज लिहीत होती.

"काका, मम्मीच्या नावाआधी ॲडव्होकेट लिहिलं तर चालते ना? चारच महिने झाले होते."

"लिही," मी म्हणालो. "पूर्ण लिही."

फोन ठेवला आणि मीही हे लिहायला बसलो.

ॲडव्होकेट वनिताताई, खूप दमला होतात. आराम करा आता.

जय भीम, ताई.