कार्ब्युरेटर ठेवायचा की काढायचा: जुन्या पद्मिनीतून जव्हार-मोखाडा

पुण्यातल्या एका गॅरेजने पुढच्या आठवड्याची वेळ दिली होती. आमच्या जुन्या पद्मिनीचा कार्ब्युरेटर काढून तिथे फ्युएल इंजेक्शन बसवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. आम्ही म्हणजे मी एकटीने. गाडी बाबांची आणि निर्णय माझा, असा सगळा प्रकार.  दोन दिवसांनी सकाळी बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "एकदा तिला घाटात नेऊ. त्यानंतर काय ते ठरव." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग मीही येणार." ते त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी परत सांगितलं.

हे आधीच सांगून टाकते. बाबा बँकेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली आणि गेली दोन वर्षं त्यांना कमी ऐकू येतं. ही गोष्ट घरात त्यांच्याशिवाय सगळ्यांना मान्य आहे. त्यांच्या मते आम्ही पुटपुटायला लागलोय. कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की ते उठून गाडीचं बॉनेट उघडतात.

ज्यांना जुन्या गाड्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कार्ब्युरेटर पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनाला देतो. त्याचं प्रमाण स्क्रू फिरवून, आवाज ऐकत जुळवायचं असतं. थंडीत चोक ओढायचा, उन्हात त्याचे रुसवे काढायचे. इंजेक्शनमध्ये हेच काम सेन्सर आणि एक छोटा संगणक करतो. किल्ली फिरवली की गाडी सुरू, वर ॲव्हरेजही जरा बरं. माझा मुद्दा साधा होता. ज्या माणसाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, तो आवाजावरून कार्ब्युरेटर कसा लावणार? गाडी सिग्नलला बंद पडायला लागली होती आणि आई मंडईत रिक्षाने जायला लागली होती. बाबांना मी फक्त ॲव्हरेजचं कारण सांगितलं. कानाचं सांगायचं धाडस होईना.

ऑक्टोबर संपता संपता एका शनिवारी सकाळी नाशिकहून, म्हणजे घरून, निघालो. निघण्यापूर्वी बाबांचा नेहमीचा कार्यक्रम झाला. लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाशी धरून डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतात तसंच. मी हे लहानपणापासून बघत आलेय. फरक एवढाच, की पूर्वी ते मूठ कानाला लावायचे आणि हल्ली कानाच्या मागच्या हाडाला. म्हातारपणी सवयी बदलतात, असं समजून मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं.

नाशिकहून त्र्यंबकमार्गे जव्हार साधारण ऐंशी किलोमीटर आहे. नवी गाडी असेल तर अडीच तास धरा, पद्मिनी असेल तर अख्खी सकाळ. त्र्यंबकच्या पुढे बाबांनी एक बैलगाडी ओलांडली आणि उजवीकडचा इंडिकेटर तसाच चालू राहिला. आमच्या गाडीचा इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, तो फक्त टिकटिक करत राहतो. मी बाबांच्या खांद्यावर टिचकी मारली की ते म्हणणार, "हो हो, लक्षात आहे," आणि बंद करणार. हे दिवसभरात किती वेळा झालं ते विचारू नका.

तोरंगणच्या घाटाआधी मागून एक काळी-पिवळी जीप हॉर्न देत होती. बाबा शांतपणे मधून चालले होते आणि इंडिकेटर उजवीकडे वळणार म्हणून सांगत होता. शेवटी जीप धुरळा उडवत डावीकडून बाजूला आली. आत-बाहेर मिळून निम्मं गाव लटकलेलं. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "काका, वळायचा हाय का नाय? आमी कवाच्या वाट बघतो." बाबांनी हसून हात केला. जीपमधले सगळे हसले, मी मात्र बाबांना गाडी कडेला घ्यायला लावली. घाट मी चालवते म्हणाले आणि बाबांनीही लगेच किल्ली दिली.

घाट उतरताना मात्र सगळं विसरायला झालं. पाऊस जाऊन फार दिवस झाले नव्हते, डोंगर अजून हिरवे होते आणि उतारावरची नागली, म्हणजे आपली नाचणी, तांबूस पडायला लागली होती. खाली खाचरांतून भाताची कापणी चाललेली. या तालुक्यांचं नाव बातम्यांत येतं ते कुपोषणासारख्या वेगळ्याच कारणांनी. एवढ्या उभ्या डोंगरावर माणसाने हाताने पिकवलेलं शेत किती देखणं दिसतं, हे कोणी लिहीत नाही.

जेवायला मोखाड्यात थांबलो. बाजारातली साधी खानावळ, नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा, तिघांचं मिळून साडेतीनशेच्या आत. आमटी इतकी चांगली होती की आईने दुसऱ्याची आमटी चांगली असल्याचं कबूल केलं. आमच्या घरात ही साधी गोष्ट नाही.

जव्हारला पोचेपर्यंत पेट्रोलचा वास यायला लागला. हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनी रबरी नळी लवकर खराब होते, असं बाबांचं मत आहे. नळीला बारीक चीर गेली होती. तुम्ही जुनी गाडी नेणार असाल तर एक जास्तीची नळी, क्लिपा आणि पाण्याचा कॅन जवळ ठेवाच. आम्हाला नळी बाजारातल्या सलीमभाईंच्या दुकानात मिळाली. त्यांच्या वडिलांपासून स्पेअर पार्टचं दुकान आहे. नळी कापता कापता त्यांनी गाडी डोळे भरून बघितली आणि मग माझ्या मनातलंच बोलले.

"मॅडम, गाडी एक नंबर ठेवली तुम्ही. पण इंजेक्शन लावून टाका. कार्ब्युरेटरचा किट विचारायला आता कोण येतंय? उद्या पार्ट नाय मिळाला तर गाडी उभी राहील. आणि उभ्या गाडीचा काय करायचा? त्याच्यावर कोंबड्या बसतात."

बाबा जोरजोरात मान डोलवत होते. मी म्हटलं, "बघ आई, बाबापण हो म्हणतायत." आईने माझ्याकडे असं बघितलं की माझ्या लक्षात आलं. बाबांनी एक शब्दही ऐकला नव्हता. समोरचा माणूस आपुलकीने बोलतोय एवढं त्यांना दिसत होतं, म्हणून ते डोलत होते.

जुन्या संस्थानाचा राजवाडा तुम्ही बघालच. दगडी आहे, भोवती झाडी आहे आणि तो नुसता बाहेरून बघायलाही जाण्यासारखा आहे. त्याहून मला हनुमान पॉइंटवरची संध्याकाळ आवडली. दरीतून थंड वारा येत होता आणि आई-बाबा कठड्यावर शेजारी बसले होते. आई काहीतरी सांगत होती, बाबा दरीकडे बघत होते. ती बोलायची थांबली हेही त्यांना कळलं नाही.

रविवारी सकाळी दाभोसा. जव्हारहून वीसेक किलोमीटर, शेवटी रस्ता अरुंद आणि मधूनमधून उखडलेला. त्या भागातल्या जीपवाल्यांचं कौतुक वाटतं. गाडी उभी करून दार उघडलं आणि धबधब्याचा आवाज आला. दिसत काहीच नव्हतं, नुसता गंभीर, सलग आवाज. आई म्हणाली, "ऐकलंत का?" बाबांनी आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाले, "अजून लांब दिसतंय. पायऱ्या आहेत का बघ."

मला फार वाईट वाटलं. खाली उतरल्यावर पाणी कड्यावरून खाली कोसळताना बघून बाबा खूश झाले, अगदी लहान मुलासारखे. मी मात्र निम्मा वेळ त्यांच्याकडेच बघत होते. इंजेक्शन बसवायचंच, हे तिथे माझ्या मनात पक्कं झालं.

परतीला मुद्दाम मोखाड्याहून खोडाळ्याला वळलो, म्हणजे देवगावमार्गे घोटी गाठता येते. रस्ता वेळखाऊ आहे, पण गर्दी अजिबात नाही. खोडाळ्याच्या बाजारात आईने नागलीचं पीठ आणि काकड्या घेतल्या. पुढे भर दुपारच्या उन्हात चढ लागला आणि गाडी दोन आचके देऊन थांबली. तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत राहतो आणि कार्ब्युरेटर कोरडा पडतो. जुन्या गाड्यांचं हे उन्हातलं दुखणं आहे.

बाबांनी बॉनेट उघडलं. शेजारच्या शेतातून नागली कापणारी एक बाई वर आली. "काय झाला? बंद पडली काय?" मी म्हटलं, पंपावर ओलं फडकं ठेवायचंय, आमचा कॅन संपलाय. ती समोरच्या घरातून कळशी घेऊन आली. बाबांनी फडकं भिजवून पंपावर गुंडाळलं तेव्हा तिला हसू आलं. "पोराला ताप आला का आमीपन असाच फडका ठेवतो. बसा जरा सावलीला. तापल्याला काय घाई करून चालत नाय."

सावलीला बसलो. तिने पाण्याचे पैसे घेतले नाहीत, आईने दिलेला लाडू मात्र घेतला आणि परत कामाला गेली.

थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, पण धडधडत. बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर ठेवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. "तिसऱ्याला मिसिंग आहे," ते म्हणाले. प्लग काढला, पुसला, बसवला. मग कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवला. थोडा इकडे, थोडा तिकडे. इंजिन सावकाश एका लयीत आलं. मी आ वासून बघत होते. धबधबा न ऐकलेला माणूस तिसऱ्या सिलिंडरचं दुखणं सांगत होता.

"इकडे ये." त्यांनी मूठ माझ्या कानामागे धरली. सगळं इंजिन माझ्या डोक्यात शिरलं. एकेक ठोका वेगळा, स्पष्ट.

"तुझं चुकत नाही, शुभा," बाबा म्हणाले. "इंजेक्शन असतं तर आज आपण असे थांबलोच नसतो. त्यात पेट्रोलचा दाब जास्त असतो, वाफ धरत नाही. सिग्नलला बंद पडली नसती. सगळं खरं." मग ते थोडा वेळ फडकं पिळत राहिले. "तुम्ही पुटपुटत नाही, हेही मला माहीत आहे. मला ऐकू येत नाही. हे एवढं मात्र अजून पूर्वीसारखं येतं. हाडातून येतं. इंजेक्शन लावलंस की ती तिची ती चालेल. मग मी काय ऐकू?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाबांनी बॉनेट लावलं, हात पुसले आणि घसा साफ केला. "एक करू. कानाचं मशीन मी लावतो. तिला नको."

तोवर गाडीत जाऊन बसलेली आई मागच्या सीटवरून म्हणाली, "दोन वर्षं मी हेच पुटपुटत होते."

एरवी बाबांनी हसून मान डोलावली असती. या वेळी त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली ती?"

घरी येऊन मी पुण्याच्या गॅरेजला नको म्हणून कळवलं. तुमची गाडी रोज कामाला जाणारी असेल, तुम्हाला बॉनेट उघडायचा कंटाळा असेल, तर बेलाशक इंजेक्शन लावा, माझं मत बदललेलं नाही. पण तुमच्या घरात गाडीला कान लावणारं कोणी असेल तर आधी त्याला विचारा. नुसतं मान डोलावणं म्हणजे होकार धरू नका. आणि जव्हारला जाच, शक्यतो हळू चालणाऱ्या गाडीतून.

बाबांना कानाचं मशीन बसवून आता महिना होतोय. पहिले काही दिवस पंखा, वर्तमानपत्राची पानं, आईच्या बांगड्या, सगळ्याचीच त्यांनी तक्रार केली. गेल्या रविवारी तिघं पुन्हा त्र्यंबकच्या रस्त्याला लागलो. वळण झालं, गाडी सरळ झाली आणि इंडिकेटर टिकटिकत राहिला. मी सवयीने त्यांच्या खांद्याकडे हात नेला. तेवढ्यात बाबांनी तो स्वतःच बंद केला.