गेणूनं इंजिन बदललं

रिहे गावच्या गेणूइतका चिक्कू माणूस साऱ्या खोऱ्यात शोधून सापडायचा नाही. चपलेचा अंगठा तुटला तर तार ओवील, तार तुटली तर अनवाणी शेरडांमागं हिंडेल, पण नवी चप्पल घेणार नाही. असा माणूस फाट्यावरच्या गॅरेजात येऊन सरळ ‘इंजिनच बदल’ म्हणाला, तेव्हा निरंजन मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला.

“मामा, इंजिन चांगलंय अजून. बोअर करून रिंगा टाकू, धूर बंद होईल. बदलायचं कशाला?”

“बदल.”

“कारण तरी सांगा.”

“बदल म्हनलं ना.”

कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. गाडी गेणूच्या लेकाची, सूरजची. सूरज लवळ्याला कॉलेजच्या कॅन्टीनात कामाला होता. जुनी घेतलेली ती शंभर सीसीची गाडी इंजिनानं आधीच खडखडायची; त्यात त्यानं सायलेन्सर आतून मोकळा करून ती अशी वाजती केली होती, की ओढ्याच्या वळणावर असतानाच घरात कळायचं. मग पोरानं कावीळ अंगावर काढली आणि गेल्या भादव्यात तो गेला. गाडी राहिली. गेणूला बावधनला एका सोसायटीवर वॉचमनचं काम लागलं. शेरडं बायकोवर सोपवून तो तीच गाडी चालवायला लागला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी गाडी वळणावर आली, की त्याची बायको तुकाबाई हातातलं काम टाकून दारात यायची. पदर सारखा करायची, वाटेकडं बघायची. अंगणातल्या उजेडात गेणूचं तोंड दिसलं, की आत वळायची. चार दिवसांत थांबेल, असं गेणूला वाटलं होतं. वर्ष होत आलं तरी ती थांबेना.

गेणू स्वतः रडला नव्हता. मातीला नाही, दहाव्यालाही नाही. भाऊबंद पाठीमागं कुजबुजले, याला काळीज आहे का म्हणून. काळीज होतं, पण बराच वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तसा तो सगळाच्या सगळा बधिर झाला होता. जेवायचा, ड्यूटीला जायचा, यायचा. दारातून आत वळणारी बायकोची पाठ तेवढी त्याला बघवत नव्हती. तिनं असं उठून येणं बंद व्हावं, दुसरं त्याला काही नको होतं.

निरंजननं कामाला हात घातला. खालचा बोल्ट काढून ऑइल टबात सोडलं. चेन उतरवली, कार्बोरेटर सुटा केला, क्लचची केबल काढली. अपघातात गेलेल्या एका गाडीचं, त्याच मॉडेलचं इंजिन त्यानं आणून ठेवलं होतं. त्याची कागदपत्रंही होती. जुनं उतरवताना गेणूनं एका बाजूनं धरलं. ओझं बरंच होतं. त्याला काही वाटलं नाही.

“सायलेन्सर जुनाच ठेवतो.”

“त्यो बी बदल.”

“आणि हे इंजिन नेताय का? नाहीतर मी पार्ट काढून घेतो.”

“ठिव तुलाच.”

नवं इंजिन बसलं. पहिल्याच किकला चालू झालं आणि शिवणयंत्रासारखं हळू बोलत राहिलं. गेणू पेट्रोल कॉक बघत होता, तोवर मागं निरंजननं जुन्याचं हेड खोलून पार्ट वेगवेगळे टाकायला घेतलेसुद्धा.

संध्याकाळी गेणू वळणावर आला. वाड्यातल्या शेरडांनी माना वर केल्या नाहीत. दार रिकामं होतं. साधलं, असं गेणूच्या मनात आलं. गाडी लावून तो आत गेला. चूल पेटली नव्हती. तुकाबाई दाराकडं तोंड करून बसली होती.

“तुमी? आन् गाडी कुटं हाय?”

“हितंच की, भायेर. इंजिन बदललं. आवाज करत न्हाई आता. तुला उगं उठाया नगो.”

तुकाबाईनं त्याच्याकडं नीट बघितलं.

“त्यो गेलाय, ते मला कळत न्हाई व्हय?” ती म्हणाली. “पर वळणापसनं दारापत्तुर त्यो यायचा. रोज यायचा. आज कवाधरनं वाट बघतीया.”

वर्षभर गेणूला कुठंच काही दुखलं नव्हतं, ते आत्ता छातीत दुखायला लागलं.

“जुनं कुटं हाय?”

“दिलं त्याला.”

“माघारी आना.”

“खोललं त्यानं. माज्यासमूर.”

ती उठली, पदर सारखा केला आणि दारात जाऊन वळणाकडं बघत उभी राहिली. ती आत वळेल म्हणून गेणू तिच्या पाठीकडं बघत राहिला. ती वळली नाही.